हौशी गळवाल्यांची पकड मोजायची कशी? वही, चिठ्ठ्या आणि रोजची मर्यादा

तळकाठ

एका मध्यम आकाराच्या जलाशयावर परवाना काढून गळानं मासे धरता येतात. जाळी पूर्ण बंद आहेत, म्हणजे जी मासळी निघते ती सगळी हौशी मंडळींच्या हातची. परवाने साधारण ८५०. पाण्यापर्यंत जायच्या वाटा चार, त्यातल्या दोन ठिकाणी होड्या उतरतात. रोजची मर्यादा माणशी १० मासे.

नोंद म्हणून प्रत्येक वाटेवर एक वही ठेवलेली आहे. ज्याला वाटेल त्यानं निघताना लिहायचं. वहीतली सरासरी फेरीमागे ६ माशांच्या वर जाते. त्यावरून उपसा फार होतोय असं ठरवून मर्यादा १० वरून ५ वर आणायचं घाटतंय. मर्यादा निम्मी केली की पकड निम्मी होईल, असा सरळ हिशोब आहे.

वहीवर कितपत विसंबावं? मोजणीसाठी दोन माणसं मिळू शकतात, प्रत्येकी महिन्याला ८ पाळ्या. एवढ्यात कामाचा आकडा निघेल का? आणि वहीऐवजी मोबाइल ॲप दिलं तर प्रश्न सुटेल का?

नमुनेदार

वहीपासून सुरू करतो. वहीत लिहितो तो मासा मिळालेला माणूस. रिकाम्या हातानं परतणारा वहीकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे ६ हा आकडा 'लिहावंसं वाटलं अशा फेऱ्यांची' सरासरी आहे, सगळ्या फेऱ्यांची नाही. एक सोपी तपासणी करा: वहीत शून्य लिहिलेल्या किती ओळी आहेत ते मोजा. गळाच्या मासेमारीत रिकाम्या फेऱ्या भरपूर असतात. वहीत त्या जवळजवळ नसतील तर वही काय सांगतेय ते कळलंच. ५ आणि १० हे आकडे शेजारच्या ४, ६, ९ पेक्षा फार जास्त वेळा दिसले, तर लोक अंदाजानं लिहिताहेत हेही समजा.

आता खरं काम. एकूण पकड थेट मोजता येत नाही, ती दोन तुकड्यांत मोजायची: लोकांनी एकूण किती तास गळ टाकला, आणि तासाला किती मासे लागले. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पकड. बहुतेक जण दुसऱ्या तुकड्यावर जीव टाकतात, कारण मासे बघायला मजा येते. चूक मात्र बहुधा पहिल्या तुकड्यात असते.

तुमच्या १६ पाळ्या अशा लावा. महिन्याचे दिवस दोन गटांत टाका: कामाचे दिवस आणि सुट्टीचे. दिवसाच्या दोन पाळ्या करा, समजा सकाळी ६ ते १२ आणि दुपारी १२ ते ६. दोन्ही गटांना ८-८ पाळ्या द्या, त्यात निम्म्या सकाळच्या, निम्म्या दुपारच्या. सुट्टीचे दिवस थोडे असूनही त्यांना निम्म्या पाळ्या दिल्या, कारण गर्दी आणि चढउतार तिथेच जास्त. कोणत्या तारखेला कोणती पाळी हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. 'आज गर्दी दिसतेय, चला मोजू' हे एकदा सुरू झालं की आकडा फुगलाच.

प्रत्येक पाळीत दोनदा डोकी मोजायची, तीही चिठ्ठीनं निघालेल्या वेळी. नियम थोडे आहेत पण मोडायचे नाहीत. गळ टाकून बसलेली माणसं मोजायची. गळ नाहीत, सोबत आलेली पोरंबाळं नाहीत. मोजणीची फेरी तासाच्या आत संपली पाहिजे. मोजताना कुणाशी बोलत थांबायचं नाही. तुम्ही एकापाशी दहा मिनिटं थांबलात की पुढचे दोघं गाशा गुंडाळून गेलेले असतात. मुलाखती मोजणीच्या आधी किंवा नंतर.

हिशोब कसा होतो ते कल्पित आकड्यांवर बघा. ३० दिवसांचा महिना, ८ सुट्टीचे, २२ कामाचे, रोज १२ तास.

सुट्टीच्या दिवशी एका मोजणीत सरासरी ३१ माणसं. ८ × १२ × ३१ = २,९७६ मनुष्यतास. मुलाखतींत ३८२ तासांत २१४ मासे, म्हणजे तासाला ०.५६. पकड सुमारे १,६६७.

कामाच्या दिवशी सरासरी ७ माणसं. २२ × १२ × ७ = १,८४८ मनुष्यतास. १२८ तासांत ९६ मासे, तासाला ०.७५. पकड १,३८६.

महिन्याची बेरीज ३,०५३ मासे. आता तीच माहिती गट न पाडता एकत्र ढवळून बघा: मोजणीची सरासरी १९, तास ३६०, म्हणजे ६,८४० मनुष्यतास, ५१० तासांत ३१० मासे, म्हणजे ०.६०८, गुणाकार ४,१५८. नोंदी त्याच, पण उत्तर ३६ टक्क्यांनी चढलं. सुट्टीच्या दिवसांना महिन्यातल्या त्यांच्या खऱ्या वाट्यापेक्षा जास्त वजन मिळालं, एवढीच चूक. पाळ्या मुद्दाम असमान वाटायच्या आणि हिशोबात ते विसरायचं, हा घोटाळा इतका सर्रास होतो की तक्त्यातच गटांचे वेगळे रकाने ठेवा.

अंधारात किंवा पहाटे ६ च्या आधी गळ टाकणारे असतील तर वरच्या पद्धतीत ते आपोआप शून्य धरले जातात. तिसरी पाळी जोडा, नाहीतर आकड्याखाली 'सकाळी ६ ते संध्याकाळी ६' असं स्पष्ट लिहा.

बिनकाट्याचा

नमुनेदार यांच्याशी सहमत. मुलाखती कुठे घेता यावर ताशी पकडीचं गणित बदलतं, तेवढी भर घालतो. यावर पुष्कळांचा पाय घसरतो.

वाटेवर उभं राहून परतणाऱ्यांना विचारलं तर फेरी संपलेली असते. तिथे सगळे मासे भागिले सगळे तास. काठानं हिंडत, बसलेल्यांना विचारलं तर फेरी अर्धवट असते आणि दुसरीच भानगड होते: आठ तास बसणारा माणूस तुम्हाला भेटायची शक्यता एक तास बसणाऱ्याच्या आठपट. म्हणजे जास्त बसणारे नमुन्यात आधीच जास्त आलेत. त्यात पुन्हा तासांची बेरीज करून भागलं तर त्यांना दुसऱ्यांदा वजन मिळतं. म्हणून हिंडून घेतलेल्या मुलाखतींत प्रत्येकाची ताशी पकड आधी वेगळी काढायची आणि मग त्यांची सरासरी. अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ झालेले लोक या सरासरीतून वगळायचे. दहा मिनिटांत दोन मासे लागलेला एकच गडी तासाला १२ असा आकडा घेऊन येतो आणि सगळी सरासरी उधळतो.

फरक किती पडतो? तिघं जण: एकाला १ तासात २ मासे, दुसऱ्याला ४ तासांत २, तिसरा ५ तास बसून रिकामा. बेरजेनं ४ भागिले १०, म्हणजे ०.४. वेगवेगळं काढून सरासरी घेतली तर २, ०.५ आणि ० यांची, म्हणजे ०.८३. दुपटीहून जास्त. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर आहेत, अदलाबदल झाली की वाट लागते.

तुमच्याकडे वाटा चारच आहेत, तेव्हा माझं मत वाटेवर उभं राहण्याकडे. चार वाटा दोन माणसांत बसतात. बसच्या फेरीसारखं वेळापत्रक करा: पहिल्या वाटेवर ७० मिनिटं, दुसरीवर ४०, असं वर्दळीच्या प्रमाणात, आणि सुरुवात कोणत्या वाटेपासून व कोणत्या दिशेनं हे चिठ्ठीनं. ठरलेली मिनिटं संपेपर्यंत जागा सोडायची नाही, चिटपाखरू नसलं तरी. 'इथे कुणीच नव्हतं म्हणून पुढे गेलो' अशा प्रत्येक वेळी एक खरं शून्य हरवतं.

विचारण्याचा क्रमही सांगतो. आधी 'किती वाजता गळ टाकला?', मग 'मध्ये किती वेळ थांबलात?', मग 'सोडून दिले ते किती, कोणते?' आणि शेवटी 'ठेवलेले बघू का?'. माशांपासून सुरुवात केली की कमी मिळालेला माणूस वेळ कमी करून सांगतो. चौघं एका होडीतून आले आणि सगळे मासे एकाच पेटीत असतील तर ते चौघांचे म्हणून नोंदवा आणि माणसं ४ लिहा; नावं घेऊन वाटणी करायला लावू नका, ती हमखास मर्यादेत बसवून सांगितली जाते. बोलायला नकार देणाराही एक ओळ असतो. तारीख, वेळ, 'नकार'. नकार वाढत चालले तर ते लवकर कळलं पाहिजे.

खवलेपर

मासे हातात आल्यावरचं बोलू.

मोजफळी लागते: सपाट फळी, एका टोकाला उभी आडपट्टी, मधोमध सेंटिमीटरची पट्टी. माशाचं तोंड मिटवून आडपट्टीला टेकवायचं, मासा उजव्या कुशीवर आडवा, शेपटी ताणायची नाही. शेपटीला खाच असेल तर खाचेपर्यंत मोजायचं की टोकापर्यंत, हे जातवार एकदाच ठरवून फळीवरच लिहून ठेवा. एकानं खाचेपर्यंत आणि दुसऱ्यानं टोकापर्यंत मोजलं तर वर्षभराच्या लांब्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि ते नंतर दुरुस्तही करता येत नाही. परवान्यातल्या किमान लांबीचं माप ज्या पद्धतीनं आहे तीच पद्धत धरलेली बरी. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत, आणि नेहमी खालच्या खुणेला.

पेटीत २५ मासे असतील आणि १० च मोजायला वेळ असेल तर वरचे १० उचलू नका. वर नेहमी मोठे असतात, लोक तसेच रचतात. डोळे न लावता हात घालून काढा किंवा ओळीत मांडून दर दुसरा-तिसरा घ्या. वजनाचा काटा वाऱ्यात हलतो आणि ओला मासा फसवतो. सुरुवातीला प्रत्येक जातीचे लहान-मोठे मिळून शंभरेक मासे सावकाश तोलून लांबी आणि वजनाचं नातं बसवा, पुढे लांबीवरून वजन काढता येतं. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, त्यामुळे सरासरी लांबीवरून सरासरी वजन काढू नका. प्रत्येक माशाचं काढून मग सरासरी.

सोडून दिलेले मासे हा वेगळा रकाना हवाच, आणि तो बघून भरता येत नाही, विचारूनच भरावा लागतो. सोडलेला प्रत्येक मासा जगतो असं नाही. गळ ओठात अडकला तर शक्यता चांगली. घशात किंवा कल्ल्यात गेला, रक्त आलं, पाणी कोमट असलं, मासा बराच वेळ हवेत राहिला, तर वाईट. घशातला गळ ओढून काढण्यापेक्षा दोर तोंडाजवळ कापून सोडणं बरं. खोल पाण्यातून झर्रकन वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं, आणि तो वरच तरंगत राहतो. त्याला वजन लावून खोलवर परत नेणारं साधन लागतं. त्यामुळे नोंदीत 'सोडले ७' एवढ्यावर थांबू नका, गळ कुठे लागला होता तेही विचारा: ओठ, तोंडात, खोल. तीन खुणा पुरतात.

नमुनेदार

मर्यादेचा प्रश्न राहिला होता. मर्यादा निम्मी म्हणजे पकड निम्मी, हे सगळेजण रोज मर्यादा गाठत असतील तरच. तसं सहसा नसतं.

पुन्हा कल्पित आकडे, १०० फेऱ्या: रिकाम्या ४६, १ मासा १८ जणांना, २ मासे १३, ३ मासे ७, ४ मासे ५, ५ मासे ३, ६ मासे ३, ७ मासे २, ८ मासे १, पूर्ण १० मासे २ जणांना. एकूण १६० मासे. मर्यादा ५ केली तर फक्त शेवटच्या ८ फेऱ्यांना झळ लागते आणि २० मासे वाचतात. साडेबारा टक्के. मर्यादा थेट २ वर आणली तरी वाचतात ७०, म्हणजे ४४ टक्के. निम्म्याला तरीही पोचत नाही. वाचलेले म्हणजे सोडलेले, त्यातले काही मरणार, ते वेगळंच.

मर्यादा बदलू नका असं म्हणत नाही. आधी सहा महिने वाटेवर उभं राहून हा तक्ता तुमच्या खऱ्या फेऱ्यांचा बनवा आणि मग २, ३, ५ अशा मर्यादा त्यावर लावून बघा. कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे. तक्त्याचा आकार वरच्यासारखा निघाला तर किमान लांबी वाढवणं किंवा विणीच्या दिवसांत बंदी यातून कदाचित जास्त हाती लागेल. त्यासाठी खवलेपर म्हणतात त्या लांब्या लागतीलच.

दुर्बीण

ॲपबद्दल. ॲप म्हणजे खिशातली वही. वहीचा दोष होता की लिहिणारे स्वतःहून पुढे येतात. ॲपमध्ये तोच दोष आणखी पक्का होतो, कारण ॲप घेणारा हा बहुधा वारंवार जाणारा आणि हात बसलेला गळवाला असतो. अशा नोंदी लांब्यांसाठी, जातींसाठी, दुर्मीळ मासा कुठे दिसला यासाठी उत्तम. एकूण पकडीसाठी त्या परवान्यांच्या संख्येनं गुणणं मात्र चूक. परवान्यांच्या यादीतून चिठ्ठीनं ६० माणसं निवडून त्यांनाच ॲप किंवा डायरी दिली आणि दर आठवड्याला फोन करून 'गेलात का? नाही? बरं, शून्य लिहितो' असं केलं, तर तेच ॲप कामाचं होतं. न्यूझीलंडमध्ये देशभरच्या हौशी पकडीचा अंदाज याच धर्तीवर निवडलेल्या लोकांना वर्षभर वारंवार विचारून काढतात. २०११-१२ पासून काही वर्षांच्या अंतरानं तो काढला जातो.

'गेल्या वर्षभरात किती वेळा गेलात?' हा प्रश्न कधीही विचारू नका. माणूस आठवणीत फेऱ्या पुढे ओढतो, मागच्या हंगामातली मोठी फेरी याच वर्षात बसवतो. आठवणीवरचे आकडे विचारायच्या पद्धतीनं किती हलतात याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे समुद्रातल्या हौशी मासेमारीचा देशव्यापी अंदाज १९७९ मध्ये सुरू झालेल्या पाहणीपासून निघतो आणि किती लोक किती वेळा गेले हा भाग घरच्या फोनवर विचारला जायचा. लोक फोन उचलेनासे झाले, घरचे फोनही गेले. २०१५ ते २०१७ अशी तीन वर्षं फोन आणि टपाल दोन्ही समांतर चालवून २०१८ मध्ये पूर्णपणे टपालावर आले. टपालातून आलेले फेऱ्यांचे आकडे फोनपेक्षा कितीतरी मोठे होते, आणि जुन्या वर्षांचे आकडेही त्या मापात बदलून घ्यावे लागले. मग २०२३ मध्ये एका छोट्या चाचणीत दिसलं की प्रश्नांचा क्रम फिरवला, म्हणजे आधी १२ महिन्यांचं आणि मग शेवटच्या २ महिन्यांचं विचारलं, की काठावरच्या आणि खासगी होड्यांच्या फेऱ्यांचा अंदाज साधारण ३० ते ४० टक्क्यांनी खाली येतो. मासे तेच, समुद्र तोच, कागदावरचे दोन प्रश्न वरखाली झाले.

तुमच्यासाठी यातला उपयोगाचा भाग: वही लगेच बंद करू नका. नवी मोजणी आणि वही वर्षभर शेजारी शेजारी चालू ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी आकडा खाली आला की मासे कमी झाले की पद्धत बदलली, यावर वाद घालत बसाल.

होड्या उतरतात त्या दोन ठिकाणी कॅमेरा लावता येत असेल तर जरूर लावा. मिनिटाला एक चित्र पुरतं. परत येणाऱ्या होड्या मोजायच्या, जाणाऱ्या नाही, कारण मुलाखतीही परतणाऱ्यांच्याच असतात. कॅमेऱ्याला होडी दिसते, ती गळ टाकून आली की नुसती फिरून, हे दिसत नाही. ते प्रमाण वाटेवरच्या माणसानंच काढायचं, गटवार. आणि कॅमेरा बंद पडतो. बॅटरी उतरते, भिंगावर कोळी जाळं विणतो, समोरची फांदी वाढते. बंद पडलेले तास 'होड्या शून्य' म्हणून तक्त्यात गेले तर सगळंच वाया. त्या तासांत 'माहिती नाही' अशी वेगळी खूण हवी, आणि त्यांची भरपाई तशाच वाराच्या, तशाच वेळेच्या आणि तशाच हवामानाच्या तासांवरून करायची.

तळकाठ

सगळ्यांचे आभार. वहीत शून्याच्या ओळी आत्ताच मोजल्या: एकूण २१२ नोंदींत ९. काय ते कळलं. वाटेवर उभं राहून बसफेरीसारखं वेळापत्रक करू, आणि दर वेळी खाच धरून मोजू. दोन शंका आहेत. मुसळधार पावसात चिठ्ठीची पाळी पुढच्या दिवशी ढकलली तर चालेल का? आणि महिन्याच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

नमुनेदार

ढकलायची नाही. पावसात कुणी येत नाही, हीच माहिती आहे. पाळी ढकलली की महिन्यातले सगळे ओले दिवस कोरडे धरले जातात आणि पकड फुगते. विजा कडाडत असतील तर माणसाला घरी ठेवा आणि ती पाळी 'झाली नाही' अशी लिहा. शून्य नाही आणि बदली दिवसही नाही.

भरवशासाठी आकड्यासोबत त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे पुन्हा तशीच मोजणी केली तर आकडा साधारण किती इकडेतिकडे हलेल ते माप, टक्क्यांत काढा, प्रत्येक गटाची वेगळी काढून मग एकत्र. अमेरिकेतल्या त्या पाहणीत त्रुटी ३० टक्क्यांच्या वर गेलेला अंदाज जपून वापरायला सांगतात आणि ५० च्या वर असेल तर वापरूच नका म्हणतात. महिन्याला १६ पाळ्यांत तुमचा आकडा बऱ्यापैकी डळमळीत राहील, म्हणून तीन-तीन महिन्यांचा एकत्र काढा. त्रुटी कमी करायला एका दिवसात जास्त लोकांना विचारून फारसा फायदा नाही. एकाच दिवशी ४० मुलाखती म्हणजे एकाच हवेची, एकाच पाण्याची ४० उत्तरं. चार वेगळ्या दिवशी दहा-दहा घेतल्या तर त्रुटी खरोखर उतरते.

बिनकाट्याचा

पहिला महिना सरावाचा धरा आणि हिशोबात घेऊ नका. दोघांना एकाच वाटेवर शेजारी उभं करून एकाच पेटीतले मासे वेगवेगळे मोजायला लावा, जाती ओळखायलाही. लहान पिल्लांत दोघांचं जमत नसेल तर त्या जातींचा एकच रकाना ठेवा.